ठिपक्यांमागचे कारागीर

भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेल या स्पर्शलिपीत ‘लातूर’ हा शब्द प्रत्येकी सहा ठिपक्यांची स्थाने असलेल्या ५ घरांत आणि एकंदर १८ ठिपक्यांत बसतो. पण त्यातल्या ‘र’चा पाचव्या स्थानावरचा ठिपका उमटायचा राहिला, तर बोटाला ‘ल’ लागतो आणि आमच्या जिल्ह्याच्या सदरमुक्कामाचे ‘लातूल’ होऊन बसते. जेमतेम अर्धा मिलिमीटर उंचीचा तो ठिपका हजारो कागदांवर अचूक जागी आणि सारख्याच उठावाने उमटविणे हे काम लिपिकाराचे नसून यंत्रकाराचे आहे. ही लिपी रचणाऱ्या लुई ब्रेलचे नाव शाळकरी पोरांना मुखोद्गत असताना या दुसऱ्या मंडळींची साधी दफ्तरी नोंदही आपण ठेवू नये, याची मला मनस्वी खंत वाटते.

ब्रेलने आपली पद्धती १८२९ साली प्रसिद्ध केली. तरीही पुढे कित्येक दशके अंध विद्यार्थी पाटीत कागद अडकवून, टोचणीने एकेक ठिपका, तोही उजवीकडून डावीकडे उलटा, टोचीत राहिले. अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथील अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी गुस्ताव्ह सीबर हा गावातलाच बंदुका दुरुस्त करणारा कारागीर हाताशी धरून १८९२ साली ६ कळांचे यंत्र सिद्ध केले. हव्या त्या कळा एकदम दाबल्या, की अख्खे अक्षर उमटे. आपल्याकडे डाळमिलचा झिजलेला दांडा लेथवर चढवून केसभराचीही तफावत राहू न देणारा फिटर ज्या नजरेने काम करतो, तीच नजर सीबरपाशी असली पाहिजे. या यंत्राचे पेटंट हॉल यांनी घेतले नाही, हे विशेष.

लगोलग त्यांनी धातूच्या पत्र्यावर ठसे पाडणारे यंत्रही करविले. घडी घातलेल्या पत्र्यावर आघात केला, की एका पदराला उंचवटा येई आणि दुसऱ्याला त्याच्याशी नेमकी जुळणारी खळगी. मग दोन पदरांमध्ये कागद घालून तो दाबयंत्राखाली सरकवीत. तपासनिसाला चूक सापडली, तर जादा ठिपका ठोकून सपाट करावयाचा आणि राहिलेला हाताने पाडावयाचा.

आपल्या देशात १९५१ साली भारती ब्रेल मान्य होईतो निरनिराळ्या ब्रेलपद्धती चालत होत्या. मग छापखाना घालावयाचा तरी कोणत्या भरवशावर? त्या मान्यतेनंतरही मराठीत स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते थेट २००८ साली.

आज संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रांतही अखेर पोलादी टाचणीच कागदावर आघात करते, आणि ती झिजली की ठिपका बुजतो. लातूर-नांदेडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरचे काम शिकणाऱ्या मुलांना या यंत्रांची दुरुस्ती शिकवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.