एका सेकंदाचे एकतीस मीटर

विल्यम लॅम्ब्टन आमच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला मेला. २० जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता, वाटेतच संपला. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हा माणूस ७८ अंश रेखांशाच्या आसपास भारताची मोजणी करत उत्तरेकडे सरकत आला होता. त्याच्या कोन मोजणाऱ्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटचं कौतुक सगळे करतात. मला ओढ आहे ती लंडनच्या यंत्रकार रॅम्सडेनने घडवलेल्या झेनिथ सेक्टरची.

पाच फूट त्रिज्येचं यंत्र. वरून टांगलेली दुर्बीण, खाली अंश कोरलेला कंस, समोर सोडलेला ओळंबा. तारा माथ्यावर आला की तो ओळंब्यापासून किती कलला ते वाचायचं. ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, ठाऊक असतेच. बेरीज-वजाबाकी केली की अक्षांश हाती. माथ्यावरचेच तारे घ्यायचे, कारण तिथून येणारा प्रकाश हवेत जवळपास वाकत नाही. मग यंत्र अर्धं फिरवून तोच तारा दुसऱ्या रात्री पुन्हा वाचायचा, म्हणजे यंत्रातली खोट एकदा इकडे, एकदा तिकडे पडून सरासरीत जिरते.

आज हेच काम कसं चालतं ते बघायला तळेगावला (श्यामजी पंत) एका संत्र्याच्या बागेत मोजणीला जाऊन उभा राहिलो. मोजणीदाराने धुऱ्यावर रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांचे संदेश घेणाऱ्या यंत्राचा, दांडा रोवला, बुडबुडा मधोमध आणला, आकडे स्थिरावले तशी नोंद घेतली. अक्षांश २१, रेखांश ७८, पुढे मिनिटं नि सेकंद. एक सेकंद म्हणजे किती, विचारलं.

"उत्तर-दक्षिण धरलं तर एकतीस मीटर. एक सेकंद हुकला का ही अख्खी ओळ शेजाऱ्याची!"

एकतीस मीटर. लॅम्ब्टनच्या कंसावर तेवढी जमीन केसाच्या दहाव्या हिश्श्यात मावते. अंधारात, डोळा ताणून ती वाचायची. यंत्र खोटं बोलणार हे धरूनच चालणारी ती मोजणी मला पडद्यावरच्या आकड्यांहून प्रामाणिक वाटते. यंत्रांची ही धुडं वाहणाऱ्या खलाशांची नावं मात्र मी वाचलेल्या हकिकतींत नाहीत.

एवढं करूनही ओळंबा फसवतोच. लॅम्ब्टननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या मोजणीत कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक जमिनीवर मोजलेल्या त्रिकोणांनी एक दिला, ताऱ्यांनी दुसरा, तफावत ५.२३६ सेकंद. सेकंदाला एकतीस मीटर धरले तर दीडशे मीटरांच्या वर! हिमालय ओळंबा ओढत असणार म्हणून कलकत्त्याचा आर्चडीकन प्रॅट याने १८५५ मध्ये गणित मांडलं, तर ओढ निघाली सुमारे तिप्पट. तेव्हा इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने सुचवलं, की डोंगर खाली हलक्या खडकाच्या मुळावर तरंगत असले पाहिजेत.

रोव्हर जागा उपग्रहांवरून काढतो, ओळंब्याला विचारत नाही. बुडबुडा तेवढा गुरुत्वाकर्षणाचं ऐकतो. पण दोन मीटरच्या दांड्यावर पाच सेकंदांचा कल मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यावर शेजारीसुद्धा हरकत घेणार नाही.