मायटर गेज हलतंय? मग फ्रेमचा कोपरा उघडणारच!

सावद्यात फोटोफ्रेमचं काम सुरू केलंय आणि चौथा कोपरा जुळतच नाही? लाकडाला दोष देण्याआधी टेबल सॉचं मायटर गेज हलवून बघा. एका फ्रेमला ८ काप लागतात. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला, तर शेवटी ४ अंशांची फट!

प्लग काढा. खाचेतला भुसा साफ करा, नॉब आवळा. तरीही हलतंय? पट्टीच्या कडेवर सेंटर पंचने हलके ठोके मारा. खळग्याभोवती धातू उचलला जातो, पट्टी घट्ट बसते. अडकली तर कानस फिरवा. ४५ अंशांचे दोन टाकाऊ तुकडे कापून जोडा, गुण्या लावा.

परत आलेली ऑर्डर लाकूड, मजुरी आणि गिऱ्हाईक, तिन्ही घेऊन जाते!