पावसाळा आणि बाणाची पिसे

धनुर्विद्या म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अर्जुन आणि एकलव्य उभे राहतात. धनुष्य आठवते, प्रत्यंचेचा टणत्कार आठवतो, झाडावरच्या पक्ष्याचा तो डोळा आठवतो. बाणाच्या मागच्या टोकाला बांधलेल्या चार बोटे लांबीच्या पिसांची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. वास्तविक पाहता बाण सरळ जातो तो या पिसांमुळे. आणि ती भिजली की चांगल्यातला चांगला तिरंदाजही हतबल होतो. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. महाविद्यालयाचे वर्षही याच दिवसांत सुरू होते आणि सरावही याच दिवसांत करावा लागतो. अशा वेळी पिसे कशी जपावीत, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांनी मात्र पिसांना क्षुल्लक मानले नव्हते. बाणाच्या पिसे लावलेल्या टोकाला संस्कृतात 'पुंख' असे स्वतंत्र नाव आहे, आणि कंक पक्ष्याची पिसे लावलेल्या बाणाला 'कंकपत्र' म्हणत. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात सिंहाला मारण्यासाठी दिलीप राजा भात्याकडे हात नेतो आणि त्याची बोटे बाणाच्या पुंखालाच चिकटून राहतात. ज्या कालिदासाचे स्मारक आपल्या शेजारच्या रामटेकला आहे, त्याच्या काव्यातही बाणाची पिसे अशी नेमकी आली आहेत.

आता पिसांचे काम पाहू. बाणाचे वजन पुढे, फाळाकडे असते. मागे पिसे हवेला अडथळा करतात. बाण उडताना जरासा तिरपा झाला की वारा मागच्या पिसांना ढकलतो आणि बाण पुन्हा रेषेत येतो. एका बाणाला लावायची सगळी पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातील घेतात. डावी-उजवी मिसळत नाहीत. त्यांना मुळातच एका दिशेचा बाक असतो आणि त्यामुळे बाण स्वतःभोवती फिरत जातो व अधिक स्थिर राहतो.

मग पिसांऐवजी प्लास्टिकची पाती का लावू नयेत, असे मला अनेक मित्र विचारतात. परदेशी बनावटीच्या महागड्या धनुष्यांवर तशी पाती लावतातच, आणि पावसात ती उत्तम चालतात. पण आमच्यासारख्यांच्या हाती असते ते बांबूचे धनुष्य. राष्ट्रीय स्पर्धांतही 'इंडियन राउंड' हा प्रकार बांबूच्याच धनुष्यावर खेळला जातो आणि त्यात ३० व ५० मीटरवरून नेम धरावा लागतो. अशा साध्या धनुष्यातून बाण सुटतो तेव्हा त्याचा मागचा भाग धनुष्याच्या दांड्याला किंवा आपल्या मुठीला घासून जातो. पीस मऊ असल्याने क्षणभर दबते आणि पुढच्याच क्षणी उभे राहते. प्लास्टिकचे पाते तसे दबत नाही. ते आपटते आणि बाणाची दिशा बिघडवते. म्हणजे बांबूच्या धनुष्याला पिसाशिवाय गत्यंतर नाही. पीस जपता आले नाही, तर ज्याच्यापाशी महागडे धनुष्य नाही त्याचा पावसाळ्यातला सराव बंद पडलाच म्हणून समजावे.

पण पीस तर पक्ष्याच्या अंगावरही असते. पक्षी पावसात भिजून पडत नाही, मग बाणाचेच पीस का भिजते? पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी शेकडो बारीक तंतू असतात. त्या तंतूंना आणखी बारीक तंतू, आणि त्यांना सूक्ष्म आकडे. हे आकडे एकमेकांत अडकून पाते सलग राहते. तंतूंमधल्या फटींत हवा कोंडलेली असल्यामुळे पाण्याचा थेंब वरच्या वर राहतो आणि घरंगळतो. अळवावरच्या पाण्याचा प्रकार बराचसा असाच आहे. सूक्ष्म पोकळ्या असलेल्या पृष्ठभागावर पाणी का टिकत नाही, याचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर या शास्त्रज्ञांनी १९४४ साली मांडले. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. चोचीने तेथील तेल घेऊन पक्षी रोज पिसे विंचरतो. त्याने पिसे लवचिक राहतात आणि आकडे जागच्या जागी बसतात.

बाणाला लावलेल्या पिसाला ही रोजची निगा मिळत नाही. त्यातच आपण ते स्वच्छ दिसावे म्हणून साबणाने धुतो किंवा रंगवतो आणि उरलेसुरले तेलही घालवतो. मग पाणी तंतूंत शिरते आणि पाते दांड्याला चिकटून बसते. आपल्या नखांप्रमाणे पीसही केराटिनचे बनलेले असते. नख पाण्यात मऊ पडते, तसे पीसही पडते. मागचा भाग जड होतो, हवेला होणारा अडथळा नाहीसा होतो आणि बाण डुलत भलतीकडे जातो.

मी घरच्या बदकाच्या पंखातली तीन पिसे घेऊन पाहिली. एक साबणाने धुतले, एक तसेच ठेवले, एकाला बोटाने किंचित तेल लावले. तिन्हींवर लोट्याने पाण्याची धार धरली. धुतलेले पीस लगेच चिंब होऊन मिटले. न धुतलेले थोडा वेळ टिकले. तेल लावलेल्यावरून थेंब ओघळत राहिले. कोणालाही घरी करून पाहता येईल असा हा प्रयोग आहे.

लिहिता-वाचता न येणारे माझे आजोबा हेच करीत असत. जागलीवर जाताना त्यांच्याजवळ तिरकमठा असे. पावसाळ्यापूर्वी मोहाच्या बियांचे तेल ते अंगठा आणि तर्जनीने पिसांना मुळाकडून टोकाकडे चोळीत, आणि बाण चुलीच्या वर आढ्याला खोचून ठेवीत. तेथील उबेने ओल धरत नसे आणि धुरामुळे कसर लागत नसे. याला आम्ही मुले जुनी खोड समजत होतो. पक्षी आपल्या पिसाला जे करतो तेच ते बाणाच्या पिसाला करीत होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

ही काळजी जगभर घेतली जात असे. जपानी योद्ध्यांचा 'उत्सुबो' नावाचा भाता चहूबाजूंनी बंद असे, म्हणजे पिसांवर पाऊस पडत नसे. इंग्लंडचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्यात हजारो बाण मिळाले. त्यांच्या मागच्या टोकाशी बारीक धाग्याचे वेढे आणि तांब्याचा अंश असलेल्या हिरवट लेपाच्या खुणा आढळल्या. धाग्यामुळे पीस निसटत नसे आणि तांब्यामुळे कीड लागत नसावी. त्याच १५४५ साली रॉजर ॲस्कमने 'टॉक्सोफिलस' या ग्रंथात बाणासाठी हंसवर्गीय पाळीव पक्ष्याच्या, म्हणजे गूजच्या पिसाची शिफारस केली.

या सर्वांतून आपल्याला काय घेता येईल? पिसे साबणाने धुऊ नयेत. तेल किंवा मेण अगदी थोडे लावावे; जास्त झाले तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि पिसे जड होतात. रिमझिम असेल तर शंखजिऱ्याची बारीक भुकटीही पुरते, कारण ती पाण्याला जवळ करीत नाही. पिसे सरसाने चिकटवली असतील तर दोन्ही टोकांना धाग्याचे वेढे द्यावेत, कारण सरस ओलाव्याने सुटतो. नेम धरण्याच्या वेळेपर्यंत पिसांवर प्लास्टिकची पिशवी असू द्यावी. घरी आल्यावर मात्र ती काढावी, नाहीतर आत ओल कोंडते. भिजलेला बाण झटकून सावलीत उभा वाळवावा, विस्तवाजवळ धरू नये. पिसे चुरगळली असतील तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर क्षणभर फिरवावीत. ती पुन्हा उभी राहतात.

एक सूचना आवश्यक वाटते. पिसांसाठी रानातल्या पक्ष्यांकडे वळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे, आणि १९७५ पासून आपले पेंच हे राष्ट्रीय उद्यान आहे. एकेकाळी बाणासाठी नावाजलेली गिधाडाची पिसे आता मिळणार तरी कोठून? जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडेच संपत आली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. घरच्या कोंबडीची, बदकाची किंवा टर्कीची पंखातली पिसे आपल्या कामाला पुरेशी आहेत.

पिसाला नवे काही शिकवावे लागत नाही. पाणी परतवण्याचा गुण त्याच्यापाशी जन्मतःच असतो. तो टिकवण्याचे पक्ष्याचे काम पुढे आपल्याला करावे लागते, इतकेच. आपल्या तालुक्यातील अनेक घरांत ही निगा ठाऊक असलेली वडीलधारी माणसे अजून आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारावेत आणि मिळेल ते वहीत टिपून आणावे, एवढीच माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे.