दोन आठवड्यांची रजा आणि बाबांची जावा

सिंगापूरच्या आंग मो किओमध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही. इंडस्ट्रियल पार्क 2ए मधल्या ऑटोपॉइंटमध्ये आणि शेजारच्या सिन मिंगमध्ये मजल्यावर मजले गॅरेजांनी भरलेले आहेत. तरीही तीस वर्षं धूळ खात पडलेली मोटरसायकल तिथं सापडणार नाही, कारण कायदा ती पडू देत नाही. मे 1990 पासून सिंगापुरात वाहन बाळगायला सीओई हे हक्काचं प्रमाणपत्र लागतं, तेही दहा वर्षांपुरतं. मुदत संपली की पैसे भरून वाढवून घ्यायची, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झालेली गाडी ठरल्या मुदतीत भंगारात द्यावी लागते किंवा देशाबाहेर पाठवावी लागते. एचडीबीच्या सरकारी इमारतीत ना माळा, ना पडवी, आणि कॉरिडॉरमध्ये मोटरसायकल लावणं अग्निशमनाच्या नियमात बसत नाही.

म्हणून इथल्या मराठी घरांतली जुनी मोटरसायकल तिकडे असते. सांगलीच्या वाड्यात, चिपळूणच्या पडवीत, सोलापुरात जिन्याखाली गोणपाटाखाली. बहुतेकदा जावा किंवा येझदी, कधी बुलेट, कधी राजदूत. दिवाळीची तिकिटं काढताना तिची आठवण होते आणि बेत ठरतो: या खेपेला बाबांची गाडी चालू करायचीच. माझ्या मते या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू गंज नसून ही दोन आठवड्यांची रजा आहे. त्या रजेच्या घाईला खतपाणी घालणारे काही समज आपल्याकडे पक्के रुजलेले आहेत. इथे उदाहरण मुख्यतः जावाचं घेतो, कारण म्हैसूरच्या आयडियल जावानं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1996 पर्यंत बनवलेल्या या टू-स्ट्रोक गाड्या आजही पुष्कळ घरांत पडून आहेत.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा समज असा की ताजं पेट्रोल घाला, प्लग घासा आणि किक मारा. जुनं लोखंड आहे, सुरू होईल. गंमत म्हणजे पुष्कळदा ती खरोखरच सुरू होते, आणि गोत्यात आणतं ते हेच. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. वीस-तीस वर्षांत ते लाकडासारखे कडक होतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर तिथलं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि गाडी गल्लीभर पांढरा-निळा धूर सोडते. हा त्रास निदान दिसतो तरी. डायनमोच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन हवं त्यापेक्षा जास्त तापतं आणि गाव संपायच्या आत पिस्टन धरतो. आवाज मात्र शेवटपर्यंत खणखणीत येत असतो. हे सील किमतीनं मामुली आहेत, पण बदलायला इंजिन उघडावं लागतं, आणि रजेत नेमका तोच वेळ नसतो.

सिलिंडरच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन जिथं थांबला असेल त्याप्रमाणे एखादं पोर्ट उघडं राहतं आणि सायलेन्सरमधून दमट हवा थेट आत पोचते. त्यामुळे गाडी किती वर्षं उभी होती यापेक्षा कुठं उभी होती याला जास्त किंमत आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेतली तीस वर्षं कोकणातल्या चार पावसाळ्यांपेक्षा बरी. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडले असतील तर ते क्रँक बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीचं मातीचं घर किंवा उंदराचं बिऱ्हाड असू शकतं, तेही बघून घ्यावं.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे किक हलत नाही, इंजिन जाम आहे, म्हणजे गाडी संपली. असं म्हणून किलोच्या भावानं गेलेल्या गाड्या थोड्या नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लोखंडी भिंतीला गंजानं चिकटलेल्या असतात, एवढंच. प्लग काढायचा, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतायचं आणि सोडून द्यायचं. तासभर नव्हे, काही दिवस. अधूनमधून वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हातानं थोडं पुढं, थोडं मागं करून बघायचं. किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. जावात तर किकचा दांडाच पुढं वळवून गिअरचा दांडा होतो, त्यामुळे तिथली मोडतोड दुप्पट त्रासाची. पिस्टन सुटल्यावर सिलिंडरवर खोल खड्डे दिसले तर बोअर करून घ्यायचा. मूळ व्यास 65 मिलिमीटर, स्ट्रोक 75. पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे पिस्टन मिळतात. चांगल्या टर्नरकडे हे रोजचं काम आहे.

क्लचचंही असंच. कॉर्कच्या प्लेटा सुकून एकमेकींना चिकटतात, गिअर टाकला की गाडी झेप घेते, आणि लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात. प्लेटा बाहेर काढून तेलात भिजवल्या की पुष्कळदा भागतं.

टाकीबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, कारण सगळ्यात जास्त घरगुती प्रयोग तिच्यावरच होतात. जुन्या पेट्रोलचा उडणारा भाग उडून जातो आणि खाली डिंकासारखा चिकट थर उरतो. तोच कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, म्हणून नुसतं नवं पेट्रोल ओतून काही साधत नाही; उलट नवं पेट्रोल टाकीतला गंज सोडवून खाली पाठवतं. संडास धुण्याचं ॲसिड टाकून टाकी ‘चकाचक’ करण्याची कल्पना फार लोकप्रिय आहे. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि धुतल्यावर तासाभरात टाकी आतून पुन्हा तांबूस होते. सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड सौम्य असतं. दुसरा मार्ग म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून बॅटरी चार्जरनं वीज सोडायची. ऋण टोक टाकीला, धन टोक आत लटकवलेल्या साध्या लोखंडी सळीला, आणि सळी टाकीला कुठंही टेकता कामा नये. सळी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे उघड्यावर करायचं. काम झालं की लगेच धुऊन, वाळवून आत तेलाचा हात फिरवायचा. आणि जुनी टाकी रिकामी दिसते म्हणून वेल्डरकडे नेणं हा जिवाशी खेळ आहे, कारण पेट घेते ती पेट्रोलची वाफ.

पेट्रोलविषयी दोन समज आहेत, एक निरुपद्रवी, एक नाही. ‘शिशाचं पेट्रोल बंद झालं, आता जुनी इंजिनं टिकणार नाहीत,’ असं जाणकार चेहऱ्यानं सांगितलं जातं. शिसं 1998 मध्ये सिंगापुरातून आणि 2000 मध्ये भारतातून गेलं हे खरं. त्याचा एक उपयोग व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू न देणं हा होता. ज्या जावात व्हॉल्व्हच नाहीत तिला त्याचं सोयरसुतक नाही. सिंगापुरातल्या 98 ऑक्टेनची सवय लागलेल्यांनी तिकडे महागड्या पेट्रोलचा हट्टही धरू नये, या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की त्याला त्याचा काही फायदा नाही. दुसरा समज म्हणजे पंपावर मिळतं ते सगळं पेट्रोल सारखंच. भारतात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र आहे. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. जुन्या काळातल्या रबराच्या नळ्या आणि वॉशर त्यानं फुगतात, कार्बोरेटरच्या जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी पूड चढते. गाडी रोज चालली तर हे चालवून घेता येतं. तुम्ही मात्र दिवाळीला टाकी भरून परत येणार आणि पुढच्या मे महिन्यात जाणार. म्हणून रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवावेत आणि निघायच्या आदल्या दिवशी टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

बॅटरी फक्त हॉर्नसाठी, असंही म्हणतात. जुन्या जावात 6 व्होल्टची बॅटरी आणि कॉइल मिळून ठिणगी तयार होते. बॅटरी मेलेली असेल तर कितीही किक मारा, ठिणगी येणार नाही. कार्बोरेटरला शिव्या देण्याआधी हे तपासावं.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, हा समज तर थेट हाडं मोडणारा. रबर न वापरताही म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर चार अंकी तारीख-संकेत असतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, पुढचं बोलायलाच नको. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

मग येतो सुट्या भागांचा प्रश्न. ‘कंपनी परत आली ना?’ नाव परत आलं. क्लासिक लेजंड्सनं नोव्हेंबर 2018 मध्ये आणलेली जावा 293 सीसीची, पाण्यानं थंड होणारी फोर-स्ट्रोक आहे. तिचा बोल्टही बाबांच्या गाडीला उपयोगी पडेल असं समजू नका. जुने भाग पुण्यात नाना पेठेत, जुन्या बाजारात आणि झेक कारखानदारांकडे शोधायचे असतात. शोधाशोधीत एक मोह आवरावा: गाडी ‘नव्यासारखी’ करण्याचा. पावडर कोटिंग, भडक क्रोम, बारा व्होल्टची नवी वायरिंग यांनी गाडी फोटोत छान दिसते, पण मूळपण जातं.

या मूळपणाला आता कागदोपत्रीही किंमत आहे. पन्नास वर्षं झाली की गाडी आपोआप विंटेज होते असा समज आहे. तसं होत नाही, अर्ज करावा लागतो. जुलै 2021 मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीची विंटेज नोंदणी होते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना बाबांच्या गाडीवरून मंडईत जायचंय त्यांनी साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलेलं बरं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतंच.

‘एवढा त्रास कशाला, कंटेनरमधून सिंगापूरला आणू,’ हा शेवटचा समज. सिंगापुरात तीन वर्षांहून जुनं वापरलेलं वाहन नोंदवता येत नाही. पस्तीस वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी क्लासिक योजना आहे, पण तिच्यात वर्षाला पंचेचाळीस दिवस चालवायची मुभा असते. साध्या नोंदणीच्या वाटेनं जुन्या मोटरसायकलींना पुढंही जागा नाही: जुलै 2003 पूर्वी नोंदलेल्या मोटरसायकली 30 जून 2028 नंतर रस्त्यावर चालणार नाहीत, विंटेज आणि क्लासिक योजनांतल्या सोडून. पंचेचाळीस दिवसांसाठी हा खटाटोप करावा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी करणार नाही.

गाडी तिथंच ठेवून काम मात्र वाटून घेता येतं. पहिल्या रजेत फक्त सिलिंडरमध्ये तेल, टाकी रिकामी, फोटो आणि मोजमापं. इंजिन गावातल्या भरवशाच्या फिटरकडे सोपवायचं, त्याला सहा महिने द्यायचे आणि पैसे टप्प्याटप्प्यानं. कार्बोरेटर, डायनमो, स्पीडोमीटर, स्विच अशी हाताएवढी कामं आंग मो किओच्या जेवणाच्या टेबलावर होऊ शकतात. फक्त कार्बोरेटर बॅगेत टाकण्याआधी पूर्ण खोलून, धुऊन, पेट्रोलचा वास जाईपर्यंत वाळवावा आणि एअरलाइनला आधी विचारून घ्यावं. इंधनाचा अंश राहिलेला भाग विमानात धोकादायक माल ठरतो, आणि चेक-इनच्या काउंटरवर जावाचा जिकोव्ह कार्बोरेटर कचऱ्याच्या डब्यात गेला तर दुसरा शोधायला पुन्हा नाना पेठ गाठावी लागते.