फिनलंडमधील सरोवरकाठची कुटी-संस्कृती : खाजगी मालकी व सार्वजनिक हक्क

प्रस्तावना

फिनलंडमध्ये ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी सुमारे १ लाख ८८ हजार सरोवरे आहेत. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात उन्हाळी कुट्यांची संख्या ५ लाखांहून अधिक असून त्यांपैकी बहुसंख्य कुट्या पाण्याकाठी आहेत. या कुटीस फिनिश भाषेत ‘म्योक्की’ म्हणतात. तिचे साधेपण पाहता ती प्राचीन ग्रामजीवनाचा अवशेष असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः ती आधुनिक नागरीकरणाची निर्मिती आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात शहरांतील धनिक वर्गाने पाण्याकाठी उन्हाळी बंगले बांधण्यास प्रारंभ केला. त्याच शतकाच्या अखेरीस, देश रशियन साम्राज्याच्या आधिपत्याखाली असताना, कलावंत अरण्याकडे वळले. चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांनी १८९४-९५ मध्ये रुओवेसी येथे सरोवराकाठी ओंडक्यांचे निवासस्थान व चित्रशाळा उभारली. अशा घरांना राष्ट्रीय अस्मितेचे मोल प्राप्त झाले. १९३९ च्या वार्षिक रजा कायद्यामुळे कामगारांच्या पगारी रजेला आधार मिळाला. १९६० नंतर ग्रामीण कुटुंबे मोठ्या प्रमाणात शहरांत स्थलांतरित झाली. मात्र वडिलोपार्जित शेताचा किनाऱ्यालगतचा तुकडा अनेकांनी राखून ठेवला व त्यावर कुटी बांधली. गाव सुटल्यामुळेच कुटीची गरज निर्माण झाली, असे म्हणता येईल.

परंपरा

लाकडे फोडणे, पाणी वाहून आणणे, नाव वल्हविणे, मासेमारी करणे व रानातील बोरवर्गीय फळे वेचणे ही येथील नित्यकर्मे होत. शहरात अनावश्यक ठरलेले श्रम येथे स्वेच्छेने केले जातात. ‘साउना’ हे बाष्पस्नानगृह कुटीजीवनाचे केंद्र होय. त्यात भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांनी अंग झोडपून नंतर सरोवरात उडी घेतात. या परंपरेचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. जूनमधील ‘युहान्नुस’ या सणाला अनेक ठिकाणी पाण्याकाठी होळी पेटवितात.

बदलते स्वरूप व प्रश्न

वीज, पक्के रस्ते व हिवाळी उष्णतेची सोय यांमुळे अनेक कुट्या बारमाही घरे बनत आहेत. कुटीत नळ व शौचकूप आले की सांडपाण्याचा प्रश्न उद्भवतो. म्हणून २००३ मध्ये विरळ वस्तीतील सांडपाणी शुद्धीकरणाचे नियम करण्यात आले. किनाऱ्यावरील बांधकामासही आराखड्याचे बंधन आहे. दुसरीकडे, परंपरेने चालत आलेल्या ‘सर्वजन-हक्का’नुसार कोणासही इतरांच्या अरण्यात फिरण्याची, फळे वेचण्याची व सरोवरात पोहण्याची मुभा आहे, तथापि घराच्या अंगणात शिरता येत नाही. साहजिकच प्रत्येक नव्या कुटीबरोबर सर्वांसाठी खुला असलेला किनारा आक्रसतो.

निष्कर्ष

सारांश, कुटी ही खाजगी असली तरी तिला अर्थ देणारे सरोवर सामाईक आहे. कुटीधारकांच्या सुखसोयी वाढत असताना कुटी नसलेल्यांसाठी किनारा किती मोकळा राहतो, यावरच या परंपरेचे लोकशाही स्वरूप अवलंबून राहील.