फुंकर मारून निवडायची पिशवी

एल्क या थोराड हरणाचा नर पडला की त्याच्या अंगातली ऊबच त्याच्या मांसाची वैरी होते. कोलोरॅडोच्या डोंगरातला भरलेला नर 300 किलोंच्या आसपास असतो. कातडी जाड, तिच्यावर दाट केस, आणि मागच्या मांडीत हाडाभोवती मांसाचा नुसता गड्डा. सप्टेंबरात, धनुष्यबाणाच्या मोसमात, दुपारचा पारा 20 अंशांच्या वर सहज जातो. अशा वेळी मांडी बाहेरून लालभडक, ताजी दिसते आणि आत खुब्यापाशी मांस आंबायला लागलेलं असतं. ते कळतं घरी नेऊन सुरी लावल्यावर, वासाने. तोवर डोंगर उतरून झालेला असतो आणि मांडी टाकून देण्यापलीकडे हातात काही उरलेलं नसतं.

मी स्वतः शिकार करत नाही. लहानपण इचलकरंजीत गेलं, घराच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमाग, त्यामुळे कापड बोटांनी आणि उजेडात पारखायची सवय आपोआप लागली. इथे कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला, आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. ते शरद ऋतूत एल्कला जातात, आणि जनावर मिळालं तर मांस खाली आणायला त्यांना दुसरे खांदे लागतात. ते खांदे माझे. त्यांच्या सुरीइतकंच मांस भरायच्या त्यांच्या कापडी पिशव्यांकडे माझं लक्ष गेलं, ते मागांच्या गावात वाढल्यामुळे.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा हे मनात पक्कं बसलं, आणि आपल्या जंगलांची स्थिती पाहता ते योग्यच झालं. इथली घडी वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यातले एल्क जवळपास संपले होते. यलोस्टोनच्या बाजूने जनावरं आणून कळप पुन्हा वाढवले गेले, आणि आज अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोतच आहेत. शिकार होते ती मोजून दिलेल्या परवान्यांवर. मांस विकता येत नाही. आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा कायद्याने गुन्हा आहे. या सगळ्यांत मला हा शेवटचा नियम मोलाचा वाटतो. जनावर मारलं तर ते नीट घरापर्यंत आणायची जबाबदारी मारणाऱ्याची, आणि ती निभवायचं साधन म्हणजे ही कापडी पिशवी.

इथल्या फ्लॅट टॉप्सच्या राखीव रानात 1964च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे गाडी तर सोडाच, सायकलसुद्धा नेता येत नाही. घोडे नसतील तर सगळं पाठीवर. मोठ्या नराचं हाडाविना मांसच 80 किलोंच्या पुढे जातं. म्हणजे फेऱ्या आल्या, आणि फेऱ्या आल्या म्हणजे काही मांस तासन् तास, कधी रात्रभर, झाडाला टांगून ठेवणं आलं. त्या टांगलेल्या वेळात काय होतं, ते पिशवीवर ठरतं.

आमचे शेजारी पोट न फाडता जनावर उकलतात. ते कुशीवर असतं, कण्यावरून कातडी चिरून खाली उलटी पसरायची, म्हणजे मांसाला माती लागत नाही. पुढच्या फऱ्याला धडाशी हाडाचा सांधाच नसतो, तो नुसत्या स्नायूंनी बरगड्यांना धरलेला असतो. पाय वर उचलून खालून सुरी फिरवली की अख्खा फरा हातात येतो. मागची मांडी मात्र खुब्यातून सोडवावी लागते. सुरीचं टोक सांध्यात शिरतं, एक बारीकसा आवाज होतो आणि हाडाचा पांढरा, गुळगुळीत गोळा उघडा पडतो. पहाटेच्या गारठ्यात त्या जागेतून वाफ निघताना स्पष्ट दिसते. कोंडलेली ऊब बाहेर पडायला वाट मिळाली, हे डोळ्यांनी बघायला मिळतं.

मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरतो आणि ते मांडी आत सरकवतात, खुब्याची बाजू खाली, खुराकडचा भाग वर. नाडी घोट्याच्या वर आवळायची. फांदीला टांगून थोड्या वेळाने बाहेरून तळहात लावला तर कापड कोमट आणि दमट लागतं. असंच लागायला हवं. ओल कापडातून बाहेर येते आहे, वारा ती नेतो आहे. सावली आणि वारा मिळाला तर काही तासांत मांसावर पातळ, कोरडा पापुद्रा धरतो. पापुद्रा धरलेल्या मांसावर जंतूंना पाय रोवता येत नाहीत, माशांनाही ते मानवत नाही. याच जागी प्लास्टिकची पिशवी असेल तर आतून पाण्याचे थेंब जमतात आणि मांस स्वतःच्याच उबेत शिजल्यासारखं होतं. कचऱ्याच्या काही प्लास्टिक पिशव्यांना वासाचं रसायनही लावलेलं असतं. त्या मांसाच्या जवळपासही नकोत.

आता कापडाचं. जुने शिकारी उशीचे अभ्रे न्यायचे, आणि ते काही वाईट नव्हते. मांजरपाटासारखं सुती कापड श्वास घेतं, पण रक्तही पितं, एकदा भिजलं की डोंगरावर लवकर सुकत नाही, आणि वजन वाढत जातं ते निराळंच. दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळतात त्या जाळीदार सुती पिशव्या, चक्का टांगायच्या फडक्यासारख्या. वजन पडलं की त्यांची वीण फाकते, आणि फाकलेल्या विणीतून निळी माशी थेट मांसावर अंडी घालते. मला या पिशव्या बिलकूल पसंत नाहीत. त्यांचे सुटे धागे मांसाला चिकटतात, काढता काढता जीव जातो.

पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या पातळ, घट्ट विणीच्या पिशव्यांनी हे चित्र पालटलं. धागा पाणी फारसं पीतच नाही, म्हणून कापड वाऱ्यावर लगेच सुकतं. अख्ख्या एल्कला पुरतील अशा मोठ्या चार-पाच पिशव्या मिळून अर्धा-पाऊण किलो भरतात. हलकेपणाचा खरा फायदा मला असा दिसतो की त्या बरोबर येतात. जड पिशव्यांचा गठ्ठा माणूस गाडीत ठेवून जातो आणि गरज पडते चार तासांच्या चढावर.

पण वजनाच्या आकड्यावर भाळून घेऊ नये. कापड हलकं करायचे मार्ग दोन: धागा बारीक घ्या आणि वीण घट्ट ठेवा, किंवा वीणच विरळ करा. दुसऱ्या मार्गाने गेलेली पिशवी उजेडाकडे धरली की कळते, उजेडाचे वेगवेगळे ठिपके मोजता येतात. उलट काही पिशव्यांना छत्रीच्या कापडासारखा लेप असतो. त्यातून रक्त गळत नाही म्हणून माणूस खूश होतो, पण हवाही जात नाही. पारख सोपी आहे. कापड ओठांना लावून फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायचा. हाताला वारा लागला पाहिजे. मग शिवण बघायची. कडा आत दुमडून दोनदा मारलेली हवी, कारण 30 किलोंची मांडी लोंबकळते तेव्हा सगळा भार शिवणीवर येतो. रंग फिका हवा, म्हणजे उन्हात कमी तापते आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात सापडते.

मापाबद्दल दुकानदार फारसं सांगत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. हाडासकट मांडीला लांब पिशवी लागते. हाड काढून मांस न्यायचं असेल तर तीच लांब पिशवी घात करते. सुटं मांस तळाशी जाऊन एकच गोळा होतं, आणि गोळ्याच्या मधली ऊब हाडाजवळच्या उबेइतकीच चिवट असते. सुट्या मांसाला आखूड, अरुंद पिशव्या हव्यात, एकीत 15-20 किलोंहून जास्त नको. हाड काढण्याकडे इथे कल वाढतो आहे, आणि त्याला ओझ्याखेरीज आणखी एक कारण आहे. हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग 1967 साली पहिल्यांदा दिसला तो आमच्याच फोर्ट कॉलिन्समध्ये, बंदिस्त ठेवलेल्या हरणांत. आज कित्येक राज्यांत बाहेरून आणलेल्या जनावराचा मेंदू आणि कणा आत नेता येत नाही. हाड काढलं तरी नर की मादी हे सांगणारी खूण मांसाच्या एका तुकड्याला जोडलेली ठेवावी लागते. शेजारी त्या पिशवीच्या नाडीला वेगळी गाठ मारतात, म्हणजे अधिकाऱ्याने विचारलं तर सगळ्या पिशव्या उघडाव्या लागत नाहीत.

टांगायची जागा उरलेलं धड पडलेल्या ठिकाणापासून लांब, कारण अस्वल आधी तिथे येतं. झाडाची उत्तरेकडची बाजू, ओढ्याजवळचा गार वारा, आणि दोन पिशव्या एकमेकींना न चिकटता.

घरी आल्यावर त्या आधी थंड पाण्यात बुडवायच्या. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात गोठून बसतं. मग बिनवासाची पावडर, आणि सुकवायच्या दोरीवर. कापड मऊ करणारं द्रावण अजिबात नको, ते धाग्यावर थर धरतं आणि विणीतली वाट बुजवतं. तीव्र ब्लीचने नायलॉन कमजोर होतो. धुतलेली पिशवी मी पुन्हा ओठांना लावून बघतो, उसवलेली शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याने घालून देतो. सुती दोरा ओल धरून कुजतो. यंदा शेजाऱ्यांनी दोन लांब पिशव्या माझ्याकडे दिल्या आहेत, मधोमध कापून चार आखूड करायला. वरच्या अर्ध्या भागांना तळ शिवायचा आहे आणि खालच्यांना नाडीसाठी नवे नेफे घालायचे आहेत.