मांडणी बदलत गेली, हाताची सवय तीच राहिली

अकोले तालुक्यातलं राजूर भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. आदिवासी विकासाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय इथेच आहे आणि आसपासच्या डोंगरवाड्यांतली अनेक मुलं आश्रमशाळांत शिकतात. अशा ठिकाणी संगणक सहसा एकट्याचा नसतो, नवाही नसतो. दिवसभरात एकाच माउसवर कितीतरी हात फिरतात. युनिक्स घराण्यातल्या डेस्कटॉपांचा मागोवा मी अशाच सामायिक संगणकासमोरच्या खुर्चीवरून घेतो आहे. कोणता देखणा, हा प्रश्न इथे दुय्यम आहे; कोणता हाताला आणि डोळ्यांना मानवतो, हा खरा.

एमआयटीत 1984 साली एक्स विंडो प्रणाली तयार झाली. पडद्यावर चौकट काढून देणं एवढंच तिचं काम. मेनू कुठे, बटण कसं, हे तिने ठरवलं नाही. पुढची सगळी विविधता त्या मोकळिकीतून आली. 1993 मध्ये मोठ्या कंपन्यांनी सीडीई हा डेस्कटॉप आणला, पण तो महागड्या वर्कस्टेशनांपुरता राहिला. ऑक्टोबर 1996 मध्ये मॅथियास एट्रिख यांनी केडीईची घोषणा केली, त्याच वर्षी ऑलिव्हिए फुर्दां यांनी एक्सएफसीई सुरू केलं आणि 1997 मध्ये ग्नोम आलं.

2002 चं ग्नोम 2 मला या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. त्याआधी सन कंपनीने साध्या वापरकर्त्यांना बसवून ग्नोमची चाचणी घेतली होती. ते कुठे अडखळतात हे पाहून पर्याय कमी झाले, बटणांवरचे शब्द सुधारले आणि मांडणीचे नियम लिहिले गेले. मुख्य मेनू वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कोपऱ्यात बाण आपोआप थांबतो, त्यामुळे नेम धरावा लागत नाही. पहिल्यांदा माउस धरणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे.

मराठीही याच काळात डेस्कटॉपवर आली. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मोकळे केले, त्यांच्या पुण्याच्या कार्यालयातून ग्नोमचं मराठीकरण झालं आणि 2007 मध्ये सीडॅकने ग्नोमवर आधारलेलं बॉस लिनक्स आणलं. पण मांडणीचं मूळ माप रोमन लिपीचंच राहिलं. ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द लहान आकारात पाहा: वर रफार, अनुस्वार आणि वेलांटी, खाली दीर्घ उकार. मेनूची ओळ अरुंद असेल तर वरचे ठिपके एकमेकांत मिसळतात, खालचा उकार कापला जातो आणि डोळे शिणतात.

2007 मध्येच रायगडच्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत, मुलांच्या हाती खास मुलांसाठी बनवलेले एक्सओ लॅपटॉप आले. त्यांवरच्या शुगर या मांडणीत एकावर एक खिडक्या नव्हत्या. प्रत्येक काम पूर्ण पडदाभर उघडायचं. फोल्डरांऐवजी रोजनिशी होती आणि केलेलं काम तिच्यात आपोआप जपलं जायचं. कार्यालयातलं टेबल ज्याने पाहिलेलंच नाही, त्या मुलासाठी ही मांडणी अधिक सरळ होती. डेस्कटॉपचा विचार मुलापासून सुरू करता येतो, हे शुगरने दाखवून दिलं.

त्यानंतर मात्र उलथापालथ झाली. 2008 चं केडीई 4 कच्चं असतानाच बाहेर आलं. 2011 च्या ग्नोम 3 ने खालची खिडक्यांची पट्टी काढली आणि खिडकी लहान करायचं बटणही लपवलं. उबंटू या लिनक्स प्रणालीने युनिटी हा आपला डेस्कटॉप आणला आणि 2017 मध्ये सोडून दिला. हे बदल करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण शिकवणाऱ्यांची घडी विस्कटली. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमातून विंडोजची सवय झालेला हात खालच्या पट्टीवरच जात राहिला. जुन्या ग्नोमची मांडणी पुढे नेणारं माटे याच नाराजीतून जन्मलं.

आज माझा कौल स्पष्ट आहे. जुन्या, सामायिक यंत्रांसाठी एक्सएफसीई किंवा माटे. कीबोर्डवर हात बसलेल्या, एकट्याने काम करणाऱ्यासाठी ग्नोम. प्रत्येक गोष्ट आपल्या मापाने बेतून घ्यायची असेल तर केडीईचं प्लाझ्मा; 2024 च्या सहाव्या आवृत्तीने ते भक्कम झालं आहे.

संगणक कक्ष सांभाळणाऱ्यांना एवढीच विनंती: एक मांडणी निवडा आणि ती निदान काही वर्षं बदलू नका. मराठी अक्षरांचा आकार आधी वाढवा, सजावट नंतर. आणि मेनूत कुठे इंग्रजी ओळ उरलेली दिसली, तर तिचं भाषांतर करून प्रकल्पाकडे पाठवा. हे सगळे प्रकल्प खुले आहेत आणि तिथे आपल्या कामाला जागा आहे.